‘मेल तं गेला, मंग पोचला काहून नाही?’

अचलपूरच्या मागच्या बॅचमध्ये परतवाड्याचे एक फर्निचरवाले दादा आले होते. सागवानाचं काम, हात चांगला, दुकानाच्या नावाची वेबसाइट आणि त्याच नावाचा ईमेल. नागपूरच्या एका शाळेनं त्यांच्याकडे बाकांचं कोटेशन मागितलं. दादांनी त्याच संध्याकाळी पाठवलं. आठ दिवस उत्तर नाही म्हणून फोन केला, तर समोरून उत्तर आलं, "तुमचं काही आलंच नाही, ऑर्डर दुसऱ्याला दिली." मेल नंतर शाळेच्या जंक फोल्डरमध्ये सापडला. दादांनी माझ्यासमोर मोबाइल धरला, सेंट फोल्डर उघडं. "सर, माह्याकडून तं मेल गेला. मंग त्याले पोचला काहून नाही?"

सेंटमध्ये दिसणं म्हणजे पत्र पेटीत पडलं, एवढंच. पुढचा प्रवास दोन सर्व्हरमधला, आणि तिथे आता कडक तपासणी असते. ईमेल पाठवायचा मूळ नियम १९८२ चा. त्यात पाठवणारा स्वतःचं नाव काहीही लिहू शकतो, कोणी विचारत नाही. फसवणूकवाल्यांनी याचाच फायदा घेतला. म्हणून फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूनं नियम आवळले. दिवसाला ५,००० च्या वर मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क तिन्ही सक्तीचे. तुमच्या-माझ्यासारख्या लहानांनाही पहिल्या दोनपैकी एक तरी हवंच. मी म्हणतो, तिन्ही करून टाका. एका दुपारचं काम आहे.

ही नावं ऐकून घाबरू नका. परतवाड्याच्या माणसाला हे समजावणं सर्वांत सोपं! सागवानाची गाडी निघाली की नाक्यावर काय पाहतात? वाहतुकीचा परवाना आहे का, आणि लाकडावर हातोड्याचा शिक्का आहे का. एसपीएफ म्हणजे परवाना : माझ्या नावानं कोणकोणते सर्व्हर मेल नेऊ शकतात, त्याची यादी. डीकेआयएम म्हणजे मालावरचा शिक्का : वाटेत मजकूर बदलला तर तो जुळत नाही. आणि डीमार्क म्हणजे नाक्याला दिलेली सूचना, की कागद जुळले नाहीत तर गाडी सोडायची, बाजूला लावायची की परत पाठवायची.

आता दादांची गाडी कुठे अडली ते पाहू. तुम्हीही सोबत करा. तुमच्या धंद्याच्या ईमेलवरून स्वतःच्या जीमेलवर एक मेल पाठवा. कॉम्प्युटरवर तो उघडा, उजवीकडच्या तीन टिंबांवर क्लिक करा आणि ‘शो ओरिजिनल’ निवडा. वरच तिन्ही नावं आणि पुढे निकाल दिसतो. दादांच्या एसपीएफपुढे ‘पास’ऐवजी ‘पर्मएरर’ होतं. कारण एकच. वेबसाइट बनवणाऱ्यानं आधी होस्टिंगची एसपीएफ नोंद टाकली होती. नंतर मेल गूगल वर्कस्पेसवर नेला, तेव्हा गूगलची दुसरी नोंद टाकली. दोन झाल्या. एका डोमेनला एसपीएफची नोंद एकच चालते. दोन असल्या की दोन्ही बाद! उपाय : एकाच ओळीत दोघांचे ‘इनक्लूड’ लिहा, दुसरी नोंद काढून टाका. बिलिंग सॉफ्टवेअर तुमच्या नावानं बिलं मेल करत असेल तर तेही त्याच ओळीत. फक्त या यादीतून होणाऱ्या चौकश्या १० च्या वर जाऊ देऊ नका, तीही मर्यादा आहे.

दादांचं डीकेआयएम मात्र ‘पास’ दाखवत होतं. ते खूश. मी म्हटलं, थांबा, कोणाच्या नावाचा पास आहे ते वाचा. तिथे दुकानाचं डोमेन नव्हतंच, गूगलचं स्वतःचं एक लांबलचक नाव होतं. म्हणजे शिक्का आहे, पण दुसऱ्याचा! डीमार्कला तुमचाच लागतो. वर्कस्पेसच्या अ‍ॅडमिनमध्ये जीमेलच्या सेटिंगमध्ये ‘ऑथेंटिकेट ईमेल’ आहे. तिथून की तयार करा, डोमेनच्या डीएनएसमध्ये टीएक्सटी म्हणून चिकटवा, आणि परत येऊन ‘स्टार्ट ऑथेंटिकेशन’ दाबा. हे शेवटचं बटण बरेच जण विसरतात. डीएनएसला कधी कधी ४८ तास लागतात, तेवढा धीर धरा.

मेल परत आलाच, तर ते इंग्रजी पत्र वाचल्याशिवाय डिलीट करू नका. ४ नं सुरू होणारा आकडा म्हणजे तात्पुरती अडचण, सर्व्हर पुन्हा प्रयत्न करतो. ५ नं सुरू झाला तर कायमचा नकार, तुम्हालाच काही दुरुस्त करावं लागेल. जीमेलचा ५.७.२६ दिसला तर समजा, ओळख पटली नाही.

आणखी एक गोष्ट वेबसाइटच्या चौकशी फॉर्मची. काही फॉर्म ‘फ्रॉम’मध्ये गिऱ्हाइकाचाच पत्ता टाकून तुम्हाला मेल पाठवतात. म्हणजे तुमचा सर्व्हर गिऱ्हाइकाचं सोंग घेतो. नाक्यावर अडणारच. ‘फ्रॉम’मध्ये स्वतःचा पत्ता ठेवा, गिऱ्हाइकाचा ‘रिप्लाय टू’मध्ये. चौकश्या येतच नाहीत म्हणून धंदा मंदा समजणारे लोक मी पाहिले आहेत, आणि चौकश्या स्पॅममध्ये पडलेल्या!

तिसऱ्या दिवशी दादांच्या ओळींत तिन्हीकडे ‘पास’ आलं, दुकानाच्या नावासकट. शाळेची ऑर्डर गेली ती गेलीच. डीमार्क आम्ही सध्या ‘नन’वर ठेवलंय, म्हणजे फक्त पाहणी. पंधरा दिवस अहवाल पाहून मग ‘क्वारंटाइन’ करू. हे अहवाल झिप फाइलमध्ये येतात, त्यासाठी वेगळा पत्ता द्या. दादांचा परवा फोन आला होता, "सर, गूगलचा व्हायरस आला वाटते, रोज एक फाइल येते." तोच तो अहवाल. तो कसा वाचायचा, ते पुढच्या व्हिडिओत.