कच्चा आहार, लेखांक ६ : तेलाचा थेंब नाही, तरीही मेद

कच्च्या आहाराकडे वळलेल्या माणसाला ‘फॅट किती खाता?’ असं विचारा. उत्तर ठरलेलं असतं : ‘छे, तेलाचा थेंबही नाही.’ फोडणी नाही, तळण नाही, तूप नाही, हे खरंच असतं. पण त्याच ताटात मूठभर भिजवलेले बदाम असतात, कोशिंबिरीत सढळ हाताने खवलेला नारळ असतो, आणि चार वाजता खजूर-काजूचा लाडू. बदाम आणि शेंगदाणे यांच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग मेद असतो; ओल्या खोबऱ्यात तो साधारण एक तृतीयांश. चूल बंद केली म्हणून मेद कमी होतो असं नाही. भात-पोळी गेली की भूक भागवायला दाणे आणि खोबरंच उरतं, त्यामुळे पुष्कळदा तो वाढतो.

याचं आपल्याकडचं चांगलं उदाहरण गांधीजींचं आहे. १९२९ च्या उन्हाळ्यात त्यांनी न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग केला आणि जूनमध्ये ‘यंग इंडिया’त आपला रोजचा शिधा छापला : आठ तोळे मोड आलेले गहू, आठ तोळे बदामांची चटणीसारखी वाटलेली गोळी, आठ तोळे वाटलेला हिरवा पाला, सहा लिंबं आणि दोन औंस मध. आठ तोळे म्हणजे सुमारे ९३ ग्रॅम. तेवढ्या बदामांत ४५ ग्रॅमच्या आसपास मेद होतो, आणि त्या दिवसभराच्या उष्मांकांपैकी निम्मे एकट्या बदामांतून येतात. इतका साधा, इतका विरक्त शिधा, आणि मेद चांगल्या तुपकट जेवणाइतका! पुढे आमांशाने आजारी पडल्यावर ऑगस्टमध्ये त्यांनी हा प्रयोग थांबवला. त्या आजाराचं खापर बदामांवर फोडायचं कारण नाही. पण ते बदाम वाटलेले होते, हे लक्षात ठेवा. त्याकडे पुन्हा यायचं आहे.

मेद जठरातून पुढे लहान आतड्याच्या सुरुवातीला पोचला, की तिथल्या पेशींना त्याची चाहूल लागते आणि त्या कोलेसिस्टोकायनिन नावाचं संप्रेरक सोडतात. त्याने दोन कामं होतात. पित्ताशय आकुंचन पावून पित्त सोडतं, म्हणजे मेदाचे बारीक कण होऊन ते पचू शकतात. आणि जठराचं खालचं दार आवळलं जातं. मेद आतड्यात आणखी खाली पोचला तर तिथूनही ‘सावकाश’ असाच निरोप जातो. त्यामुळे मेद असलेलं जेवण जठरात जास्त वेळ राहतं. पोट भरल्यासारखं वाटतं. मेद जास्त झाला तर जड वाटतं.

हा जडपणा आणि गॅस यांची आपल्याकडे गल्लत होते. ‘फळावर दाणे खाल्ले तर फळ पोटात सडतं’ असं कच्च्या आहाराच्या वर्तुळात अगदी खात्रीने सांगितलं जातं. जठरातल्या आम्लात सहसा असं काही आंबत-सडत नाही. गॅस होतो तो बहुतेक मोठ्या आतड्यात, न पचलेल्या कर्बोदकांवर जिवाणूंचं काम चालतं तेव्हा. कच्चा कांदा, मोड आलेली कडधान्यं, एका बैठकीत संपवलेली चार-पाच सफरचंदं ही त्याची नेहमीची कारणं. तेव्हा पोट फुगत असेल तर बदामांना दोष देण्याआधी कांद्याकडे पाहा. पित्ताशयात खडे असतील तर मात्र मेदाकडेच पाहायला हवं. पित्ताशयाला मेद तुपातला की खोबऱ्यातला हा फरक कळत नाही. आकुंचन व्हायचं ते होतंच, आणि उजव्या बरगडीखाली कळही येऊ शकते.

आता साखर. जठर सावकाश रिकामं झालं तर साखरही रक्तात सावकाश उतरते. म्हणून नुसता खजूर खाण्यापेक्षा काजूबरोबर खाल्ला तर पहिल्या तासातली उसळी कमी दिसते, आणि यावर विसंबून ‘साखर न घातलेला’ लाडू मधुमेहींना खुशाल दिला जातो. अशा एका लाडवात २५ ग्रॅम खजूर धरला, तर सुमारे १६ ग्रॅम साखर झाली : चहाचे तीन-चार चमचे. मेदाने ती नाहीशी केलेली नसते, तिला उशीर केलेला असतो. ज्याचं स्वादुपिंड धडधाकट आहे त्याला हा उशीर सोयीचाच. मधुमेहींची गोष्ट वेगळी. बॉस्टनच्या जॉस्लिन डायबिटीस सेंटरने २०१३ मध्ये टाइप १ मधुमेहाच्या सात रुग्णांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. कर्बोदकं आणि प्रथिनं तेवढीच ठेवून रात्रीच्या जेवणात एकदा १० ग्रॅम मेद दिला, एकदा ६०. जास्त मेदाच्या जेवणानंतर इन्सुलिन सरासरी ४२ टक्के जास्त लागलं, तरी साखर वरच राहिली. ते जेवण कच्चं नव्हतं, अभ्यासही लहान. तरी आतड्यातून रक्तात गेलेला मेद इन्सुलिनचं काम अवघड करतो, हे इतर प्रयोगांतूनही दिसलेलं आहे.

मुळात ही गोष्ट जुनी आहे. लंडनच्या हॅरॉल्ड हिम्सवर्थ यांनी १९३५ मध्ये दाखवलं, की निरोगी पुरुषांना काही दिवस भरपूर कर्बोदकांचा आहार दिला तर ग्लुकोज चांगलं पेलतं, आणि भरपूर मेदाचा दिला तर पेलत नाही. ग्लुकोज टॉलरन्स टेस्टच्या आधी तीन दिवस रोज किमान १५० ग्रॅम कर्बोदकं खा, असं सांगतात ते यासाठीच. आठवडाभर खोबरं आणि दाणे खाऊन रविवारी आमरसाच्या दोन वाट्या घेतल्या आणि ग्लुकोमीटर भडकला, तर दोष एकट्या आंब्याचा नसतो.

हाच धागा पकडून अमेरिकेतले डग्लस ग्रॅहम यांनी ‘८०/१०/१०’ आहार मांडला : ऐंशी टक्के उष्मांक कर्बोदकांतून, मुख्यतः फळांतून, आणि मेद दहा टक्क्यांच्या आत. मेद कमी केल्याने साखर चांगली पेलते, इतका भाग मला पटतो. पण साखर वाढण्याचा सगळा दोष मेदावर ढकलून फळांना मोकळं सोडणं मला धोक्याचं वाटतं, मधुमेहींसाठी तर फारच. शिवाय गाजर-पालकातली कॅरोटिनॉइड्स अंगी लागायला मेद लागतोच. मेदविरहित ड्रेसिंग घातलेल्या सॅलडमधून ती जवळजवळ शोषलीच जात नाहीत, हे २००४ मध्ये अमेरिकेत मोजून पाहिलेलं आहे. आपल्या कोशिंबिरीतलं चमचाभर खोबरं तिथे अगदी योग्य जागी आहे. चमचाभर, वाटीभर नव्हे.

आता वाटलेल्या बदामांकडे. बदामातला मेद पेशींच्या भिंतींच्या आत बंद असतो. दातांनी कितीही चावलं तरी पुष्कळशा पेशी अखंड राहतात आणि तशाच बाहेर पडतात. अमेरिकी कृषी खात्याच्या शास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये मोजलं, तर २८ ग्रॅम अख्ख्या बदामांतून हिशेबाप्रमाणे मिळायला हवेत १७० उष्मांक, पण अंगी लागले सुमारे १२९. तेच बदाम वाटून लोणी केलं की जवळजवळ सगळे मिळतात. म्हणजे अख्खे दहा बदाम आणि बदामाच्या दुधात गेलेले दहा बदाम ही पोटाच्या दृष्टीने एक गोष्ट नाही. दात धड असतील तर चावून खा. काजूचं चीज, नारळाच्या दुधाची खीर, दाण्यांचं लोणी हे कच्च्या आहारातले लाडके पदार्थ रोजचे करू नका.

मधुमेह असेल तर खजुराचा लाडू किंवा फळ-सुक्यामेव्याचं जेवण झाल्यावर साखर दोन तासांनी मोजून थांबू नका. चार तासांनी पुन्हा एकदा मोजा आणि दोन्ही आकडे वहीत लिहा. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल, तर भात-पोळी सोडून कच्च्या आहारावर जाण्याआधी ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा. आहार बदलला आणि डोस तोच राहिला, तर साखर धोकादायकरीत्या खाली येऊ शकते.