अश्वशक्तीच्या आधी ब्रेक, अ‍ॅक्सल आणि सस्पेन्शन

शर्यतीसाठी गाडी सज्ज करायची म्हटले की पहिली चर्चा होते ती इंजिनाच्या अश्वशक्तीची. इंजिन गाडीला वेग देते. पण तो वेग वळणावर सांभाळण्याचे आणि हवा त्या क्षणी संपवण्याचे काम चाकांभोवतीच्या यंत्रणेला करावे लागते. मारुती जिप्सी हे याचे भारतातील परिचित उदाहरण. १९८५ मध्ये बाजारात आलेली ही गाडी 'रेड-डी-हिमालय'सारख्या खडतर स्पर्धांत वर्षानुवर्षे धावली. मात्र तिची मूळ रचना साधी, कामचलाऊ गाडीचीच होती: पुढे-मागे अखंड अ‍ॅक्सल, त्यांवर कमानपाटे आणि मागच्या चाकांना ड्रम ब्रेक. अशा गाडीला स्पर्धेत उतरवताना नेमके काय बदलावे लागते?

सुरुवात ब्रेकपासून होणे इष्ट. वेग दुप्पट झाला की गाडीतील गतिज ऊर्जा चौपट होते. ताशी १०० किलोमीटर वेगाने धावणारी एक हजार किलो वजनाची गाडी एकदा पूर्ण थांबवताना निर्माण होणारी उष्णता एक लिटर पाण्याला उकळी आणू शकेल एवढी असते. घाटाच्या उतारावर हेच दर काही सेकंदांनी घडते. ड्रम तापला की प्रसरण पावतो, लायनर आणि त्याच्यातील अंतर वाढते आणि पेडल खोल जाऊ लागते. डिस्क उघडी असल्याने लवकर थंड होते; म्हणून स्पर्धेच्या गाडीत मागेही डिस्क बसवण्याकडे कल असतो.

येथे एक धोका दडलेला आहे. ब्रेक दाबताच गाडीचा भार पुढच्या चाकांवर सरकतो आणि मागची चाके हलकी होतात. मागचे ब्रेक गरजेपेक्षा जोरकस झाले, तर ती चाके आधी जाम होतात आणि गाडी स्वतःभोवती फिरते. म्हणूनच मोठ्या डिस्कसोबत पुढच्या-मागच्या दाबाचे प्रमाण ठरवणारा व्हॉल्व्हही जुळवून घ्यावा लागतो. ब्रेक ऑइलकडे मात्र हौशी चालकांचे हमखास दुर्लक्ष होते. 'डॉट ४' दर्जाच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सियस असावा लागतो. हवेतील ओलावा शोषून घेतल्यावर ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येते. ऑइल उकळून त्यात वाफ झाली, की सर्वांत महागडी डिस्कही निरुपयोगी ठरते.

मागच्या अ‍ॅक्सलचा प्रश्न वेगळा आहे. कमानपाटे गाडीचा भार पेलतात आणि अ‍ॅक्सलला जागेवरही धरून ठेवतात. जोरात अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर अ‍ॅक्सल उलट दिशेने पीळ घेऊ पाहतो. पाटे वाकतात, पुन्हा सरळ होतात आणि चाके जमिनीवर थडथडू लागतात. त्यावर उपाय म्हणजे अ‍ॅक्सलला चासीशी जोडणारे स्वतंत्र दांडे. आणखी पुढे जायचे, तर पाटे काढून कॉइल स्प्रिंग आणि चार दांड्यांची जोडणी केली जाते. मग अ‍ॅक्सल आडवा सरकू नये यासाठी आणखी एक आडवा दांडा लागतो. डिफरन्शियलमध्येही बदल करावा लागतो. साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक वाळूत किंवा हवेत फिरू लागले की दुसऱ्यालाही पुरेसे बळ मिळत नाही. घसरण मर्यादित ठेवणारे डिफरन्शियल ही उणीव बरीच भरून काढते. मात्र पकड वाढली की ताण अ‍ॅक्सल शाफ्टवर येतो. आजवर चाक घसरून वाचत आलेला शाफ्ट आता तुटू शकतो, म्हणून तोही अधिक मजबूत लागतो.

सस्पेन्शनबाबत सर्वाधिक आढळणारा गैरसमज म्हणजे जितके कडक तितके चांगले. खडबडीत वाटेवर अतिकडक स्प्रिंगमुळे टायर जमिनीपासून उचलला जातो, आणि हवेतील टायर ना वळवतो, ना थांबवतो. स्प्रिंग ऊर्जा साठवते, शॉक अ‍ॅब्सॉर्बर तिचे उष्णतेत रूपांतर करतो. दीर्घ टप्प्यात त्यातील तेल तापून फेसाळते. दाबाखालील वायू भरलेल्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरमध्ये हा दोष कमी होतो.

हे सारे बदल बंदिस्त ट्रॅक आणि अधिकृत स्पर्धांपुरते आहेत. सार्वजनिक रस्त्यावर मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आड येते. केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये, उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलांपासून वेगळे ठरणारे बदल करता येणार नाहीत, असे स्पष्ट केले. त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे. रोजच्या वापरातील गाडीत मालकाला निर्धास्तपणे करता येण्याजोगे काम म्हणजे ब्रेक ऑइल वेळेवर बदलणे, झिजलेले पॅड आणि गळके शॉक अ‍ॅब्सॉर्बर उत्पादकाने सुचवलेल्याच प्रकारचे बसवणे आणि टायरमधील हवेचा दाब योग्य ठेवणे.