इमारतीचे दफ्तर कोणाच्या ताब्यात?

कोणतीही सार्वजनिक इमारत उभी राहते, तेव्हा तिच्याबरोबर कागदांचीही एक इमारत उभी राहत असते. नकाशे, अंदाजपत्रके, मोजमाप पुस्तिका, देयके. शासकीय सेवेत माझा संबंध या दुसऱ्या इमारतीशीच अधिक आला. आता ती संगणकात स्थलांतरित होत आहे. प्रश्न असा की, तिची किल्ली कोणाकडे राहणार?

या बदलाचे ठळक उदाहरण नागपूर मेट्रो. 2014 साली पायाभरणी झालेल्या आणि 2022च्या डिसेंबरात पहिला टप्पा पूर्ण झालेल्या या प्रकल्पाने आरंभापासून ‘पंचमितीय’ संगणकीय प्रतिकृतीची कास धरली. लांबी, रुंदी, उंची या तीन मितींना काळ आणि खर्च यांची जोड देणारी ही पद्धत. एखादा खांब केव्हा उभा राहणार, त्याला किती सिमेंट लागणार, किती रक्कम देय होणार, हे एकाच प्रतिकृतीत दिसते. तुळई आणि जलवाहिनी एकाच जागी येत असतील, तर ती अडचण बांधकामापूर्वी पडद्यावरच उघड होते. वर्धा मार्गावर महामार्गाच्या डोक्यावर उड्डाणपूल आणि त्याच्याही वर मेट्रो अशी तीन मजली वाहतूक आहे. अशा ठिकाणी चूक आधी कळण्याचे मोल वेगळे सांगायला नको.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला 1854 हे वर्ष आठवते. त्या वर्षी नागपूरकर भोसल्यांचे राज्य, छत्तीसगडसह, कंपनी सरकारने खालसा केले. आणि त्याच वर्षी डलहौसीच्या कारकिर्दीत सार्वजनिक बांधकाम खाते आकाराला आले. आधी नकाशा, मग अंदाजपत्रक, जागेवर मोजमाप आणि शेवटी देयक, ही त्या खात्यात रुळलेली शिस्त आजही टिकून आहे. तिचा कणा होता मोजमापाखालची अभियंत्याची सही. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने ऑक्टोबर 2021मध्ये काढलेल्या सूचनांत इलेक्ट्रॉनिक मोजमाप पुस्तिकांना प्रोत्साहन दिले, हे योग्यच झाले. मात्र माध्यम बदलले म्हणून सहीमागचे उत्तरदायित्व पातळ होता कामा नये.

दुसरी चिंता टिकाऊपणाची. भोसलेकालीन मोडी कागद वाचणारे आज थोडे आहेत, पण लिपी शिकली की कागद बोलतो. एखाद्या कंपनीच्या मालकीच्या स्वरूपात जतन केलेली प्रतिकृती ती प्रणाली बंद पडल्यावर कोण उघडणार? पुलाचे आयुष्य शंभर वर्षांचे आणि त्याच्या नोंदीचे दहा वर्षांचे, हा व्यवहार सरकारी तिजोरीला परवडणारा नाही.

तिसरा मुद्दा जुन्या वस्त्यांचा. मोकळ्या जमिनीवर आखलेल्या नवा रायपूरसारख्या शहरात सर्व नोंदी पहिल्या दिवसापासून ठेवता येतात. मी राहतो त्या ब्राह्मणपाऱ्यात मात्र रस्ता खणताना खालून कोणती वाहिनी कुठे वळते, हे बहुधा एखाद्या वयोवृद्ध नळ-कारागिराच्या स्मरणावरच अवलंबून असते. तो माणूस गेला की दफ्तरच गेले. या तंत्राची खरी निकड मेट्रोइतकीच अशा गल्ल्यांना आहे.

ब्रिटनने 2016पासून केंद्रीय सरकारी बांधकामांसाठी अशी प्रतिकृती अनिवार्य केली. आपण सरसकट सक्ती करण्याची घाई करू नये. महागड्या प्रणालींच्या अटीने तालुक्यातील लहान कंत्राटदार निविदेबाहेर फेकला जाईल. पण तीन गोष्टी आजही शक्य आहेत. एक, मोठ्या प्रकल्पांत प्रत्यक्ष बांधले गेले तशी प्रतिकृती, कोणत्याही प्रणालीत उघडेल अशा खुल्या आंतरराष्ट्रीय स्वरूपात, खात्याच्या स्वाधीन झाल्याशिवाय अंतिम देयक अदा करू नये. दोन, ती वाचू शकणारे आणि प्रत्येक दुरुस्तीनंतर अद्ययावत करणारे कर्मचारी खात्यातच असावेत. सल्लागाराचा करार संपला की ज्ञानही संपले, असे होऊ नये. तीन, सुरक्षेच्या दृष्टीने संवेदनशील भाग वगळून मोजमापे आणि खर्च नागरिकांपुढे आपणहून ठेवावेत. माहिती अधिकार कायदा, 2005च्या चौथ्या कलमाचा आशय याहून वेगळा नाही.

यांपैकी एकाही गोष्टीला नव्या कायद्याची गरज नाही. निविदेच्या अटींत चार ओळी वाढवाव्या लागतील आणि त्या पाळल्या गेल्या की नाही, हे देयकावर सही करणाऱ्याने पाहावे लागेल.