मक्याच्या तणनाशकात ‘स्टिकर’: खरी बचत कुठे आहे?



फवारणी सेवेचा धंदा सुरू करणारे एक प्रश्न हमखास विचारतात. “सर, चांगलं स्टिकर टाकलं तर मक्याचं तणनाशक कमी टाकून चालेल का? तेवढंच मार्जिन सुटेल!”

आधी स्टिकर काय करतं ते समजून घेऊ. तणाच्या पानावर मेणाचा पातळ थर असतो. साध्या पाण्याचा थेंब त्यावर गोल राहतो आणि घरंगळून पडतो. सर्फॅक्टंट घातलं की थेंब पसरतो आणि पानाला धरतो. तेलापासून बनवलेली स्टिकर्स तो मेणाचा थर मऊ करून औषध आत जायला मदत करतात. म्हणजे तेवढ्याच औषधाचं काम जास्त होतं. डोस कमी करण्याची कल्पना इथूनच येते.

पण इथेच गडबड होते. मक्यातलं टेंबोट्रिओन ४२ टक्के घ्या. शिफारस एकरी ११५ मिली आणि सोबत ४०० मिली सर्फॅक्टंट अशी आहे. म्हणजे स्टिकरचा फायदा डोस ठरवतानाच धरलेला आहे. तो दाखवून पुन्हा कपात करणं म्हणजे एकच बचत दोनदा मोजणं! आणि पेरणीनंतर, तण उगवण्याआधी मारायचं अ‍ॅट्राझिन मातीत काम करतं. तिथे पानच नाही, मग स्टिकर चिकटणार कुठे?

आता हिशोब करू. समजा, औषध एकरी १२०० रुपयांचं आहे. पाव डोस कापला तर १० एकरांत ३००० रुपये वाचले. त्यातल्या दोनच एकरांत तण राहिलं आणि पदरच्या पैशाने पुन्हा फवारावं लागलं, तर औषधाचे २४०० आणि मजुरीचे समजा १०००, असे ३४०० गेले. शिवाय तोवर तण मोठं झालेलं असतं, ते सहजासहजी मरत नाही. आणि गावात नाव जातं ते वेगळंच.

मग बचत कुठे आहे?

पहिली, वेळेत. तण २ ते ४ पानांवर असतानाच फवारा.

दुसरी, मापात. एकरी २०० लिटर पाणी धरलं तर २० लिटरचे १० पंप होतात. प्रत्येक पंपाला ११.५ मिली औषध आणि ४० मिली सर्फॅक्टंट. पण तुमचा माणूस भरभर चालून ७ पंपांतच एकर उरकत असेल, तर शेतात जेमतेम ८० मिली औषध पडलं. डोस नकळत कापला गेला! म्हणून आधी साधं पाणी फवारून एकराला किती पंप लागतात ते मोजा.

तिसरी, नकार देण्यात. मक्यात तूर किंवा सोयाबीनचं आंतरपीक असेल तर टेंबोट्रिओनचं काम घेऊच नका. एका एकराची मजुरी बुडेल, भरपाईचा वाद टळेल.

कमी डोसचा प्रयोग करायचाच असेल तर स्वतःच्या शेतात, एका पट्ट्यावर करा. ग्राहकाचं शेत ही आपली प्रयोगशाळा नाही.

आजचा गृहपाठ: पंप भरा, एक गुंठा फवारा, किती लिटर पाणी लागलं ते वहीत लिहा. त्याला ४० ने गुणलं की तुमच्या एकराचा खरा आकडा मिळेल. दरपत्रक त्यानंतर बनवा.