बाहू थकला, विद्या उरली

क्रिकेटवर जीव टाकणाऱ्या आपल्या वाचकांना अमेरिकेचा बेसबॉल काहीसा परका वाटेल. पण त्यातील ‘पिचर’ म्हणजे आपला गोलंदाजच. फरक इतकाच की, ६० फूट ६ इंचांवरून त्याने फेकलेला चेंडू टप्पा न घेता थेट फलंदाजाकडे जातो. त्याची सारी कारकीर्द एका खांद्यावर उभी असते. तो खांदाच निकामी झाला तर? मेल स्टॉटलमायर यांचे चरित्र हे या प्रश्नाचे उत्तर आहे, असे आम्हांला वाटते.

१९४१ मध्ये जन्मलेले स्टॉटलमायर वॉशिंग्टन राज्यातील मॅब्टन या लहानशा गावी वाढले. ऑगस्ट १९६४ मध्ये ते न्यूयॉर्क यांकीज या मातब्बर संघात दाखल झाले आणि उरलेल्या मोसमात त्यांनी ९ सामने जिंकून दिले. ‘सिंकर’ हे त्यांचे अस्त्र. हा चेंडू फलंदाजापाशी पोचता पोचता खाली उतरतो. फटका बसला तरी तो बहुधा जमिनीवरून सरपटत जातो आणि क्षेत्ररक्षकांच्या हाती सापडतो.

बेसबॉलमध्ये जय-पराजय पिचरच्या नावावर मांडला जातो. पुढे यांकीज संघ दुबळा झाला, तरी स्टॉटलमायर यांनी तीन मोसमांत प्रत्येकी २० वा अधिक विजय मिळविले. १९६६ मध्ये मात्र त्यांच्या नावावर २० पराभव लागले. १९७४ मध्ये खांद्याचे स्नायू फाटले आणि पुढच्याच वर्षी संघाने त्यांना मोकळे केले. १६४ विजय गाठीशी असलेला हा खेळाडू तेव्हा अवघा ३३ वर्षांचा होता.

त्याहून मोठा घाव घरात बसला. १९८१ मध्ये ११ वर्षांचा धाकटा मुलगा जेसन रक्ताच्या कर्करोगाने गेला.

१९८४ मध्ये ते न्यूयॉर्क मेट्स संघाचे पिचिंग प्रशिक्षक झाले. हे काम नाजूक असते. सामना रंगात असताना प्रशिक्षक पिचरपाशी जाऊन चार शब्द बोलू शकतो. पण त्याच डावात त्याच पिचरकडे तो दुसऱ्यांदा गेला, तर पिचरला बाहेर काढावे लागते. म्हणजे बोलायचे ते मोजके आणि नेमके. वीस विजयांचा आनंद व वीस पराभवांची बोच या दोन्ही जाणणाऱ्या माणसाचे शब्द तरुणांना मोलाचे वाटल्यास नवल नाही. त्यांच्या हाताखालील ड्वाइट गुडन या तरुणाने १९८५ मध्ये २४ सामने जिंकले, ४ गमावले; १९८६ मध्ये मेट्स अजिंक्य ठरले.

१९९६ मध्ये ते यांकीजकडे परतले. खेळाडू म्हणून जे अजिंक्यपद हुकले होते, ते प्रशिक्षक म्हणून त्यांना चार वेळा लाभले: १९९६, १९९८, १९९९ आणि २००० मध्ये. याच २००० साली त्यांना अस्थिमज्जेच्या कर्करोगाने गाठले. उपचार घेऊन ते कामावर परतले आणि २००५ पर्यंत त्या पदावर राहिले. २०१५ मध्ये यांकीजने आपल्या मैदानातील स्मृतिस्थळी त्यांच्या नावाचा फलक लावला. ही गोष्ट त्यांना आगाऊ कळू दिली नव्हती. २०१९ च्या जानेवारीत ते निवर्तले.

आपल्या तालमींतील वस्ताद उतारवयात स्वतः आखाड्यात उतरत नाही. पण पठ्ठ्याच्या प्रत्येक डावात त्याचा हात असतो. अंगातील बळ वयाबरोबर ओसरते, दुसऱ्याला दिलेली विद्या मात्र पुढे चालत राहते. निवृत्तीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या आमच्या वाचकांनी एवढे तरी मनात जपावे.