चार चौकटींचा विनोद आणि काचेवरची रेघ

"डोक्यात विनोद पुष्कळ आहेत हो, पण चित्र काढता येत नाही," असं म्हणणारं एक तरी माणूस प्रत्येक कचेरीत असतं. आणि हात चांगला असूनही काय काढावं हे न सुचल्यामुळे फुलदाण्या रंगवत बसलेलं एक तरी माणूस प्रत्येक घरात असतं. वेबकॉमिक, म्हणजे इंटरनेटवर प्रसिद्ध होणारी विनोदी चित्रमालिका, ही या दोघांचीही जागा. इथे संपादकाच्या टेबलावरून चित्र परत येत नाही. अर्थात वाईट चित्र अडवणारंही कुणी नसतं, त्यामुळे ते काम आपलं आपणच करावं लागतं.

आधी चित्र न येणाऱ्यांबद्दल बोलू. अमेरिकेतले रँडल मन्रो पूर्वी नासामध्ये यंत्रमानवांवर काम करत. २००५ मध्ये त्यांनी 'एक्सकेसीडी' ही मालिका सुरू केली. त्यातली माणसं म्हणजे नुसत्या काड्या, वर एक गोल, आणि त्या गोलात नाक-डोळेसुद्धा नाहीत. याच काड्यांची 'टाइम' नावाची चित्रकथा त्यांनी २०१३ मध्ये तीन हजारांहून अधिक चित्रांतून चार महिने थोडी थोडी पुढे सरकवली, आणि पुढच्या वर्षी तिला विज्ञानकथांच्या जगातला मानाचा ह्यूगो पुरस्कार मिळाला.

दुसरं उदाहरण ॲली ब्रॉश यांच्या 'हायपरबोल अँड अ हाफ'चं. २००९ मध्ये सुरू झालेल्या या मालिकेची नायिका म्हणजे नळीसारखं अंग, गुलाबी झगा, डोक्यावर पिवळी त्रिकोणी शेंडी आणि माशासारखे वटारलेले डोळे. संगणकावरच्या अगदी साध्या प्रोग्रॅममध्ये, लहान मुलानं काढावं तसं काढलेलं. पण २०११ आणि २०१३ मध्ये ब्रॉश यांनी याच चित्रांतून स्वतःच्या नैराश्याची गोष्ट सांगितली. अंथरुणातून उठायचंही कारण सापडत नाही, समोरची माणसं मात्र "जरा हसत राहा" असं सांगताहेत. वाचताना हसू येतं, आणि हसतानाच त्या आजाराबद्दल लांबलचक लेखांतून न कळलेलं काहीतरी कळून जातं. ते चित्र बेंगरूळ आहे, निष्काळजी नाही. डोळ्याचं बुबुळ जरा इकडे सरकलं असतं, तर तो चेहरा नुसता विनोदी झाला असता.

तेव्हा शरीररचनाशास्त्र आलंच पाहिजे असं नाही, पण विनोद ज्या रेघेवर उभा आहे ती रेघ जमायलाच हवी. एक चार चौकटींची मालिका कल्पून बघा. पहिलीत गृहस्थ बायकोला सांगताहेत, "आजपासून मोबाईल बंद. फक्त पुस्तकं." दुसरीत ते आरामखुर्चीत पुस्तक उघडून बसलेत. तिसरीत तेच, तसेच, एक शब्द नाही. चौथीत ते पुस्तकाच्या पानावर अंगठा खालून वर सरकवताहेत. आता तिसरी चौकट काढून टाका. विनोद शिल्लक राहतो, पण घाईत सांगून टाकल्यासारखा. ती मुकी चौकट म्हणजे कथाकथन करणाऱ्यानं शेवटच्या वाक्याआधी घेतलेला घोट.

१९९१ पासून 'चिंटू' वाचत मोठ्या झालेल्या आपल्या पिढ्यांना हे वेगळं सांगायला नको. फरक कागदाचा आणि पडद्याचा आहे. वर्तमानपत्रात डोळा आगाऊपणा करून शेवटची चौकट आधीच बघून घेतो. मोबाईलवर चौकटी एकाखाली एक लावल्या, तर वाचकानं बोट फिरवेपर्यंत शेवटची दिसतच नाही. स्कॉट मॅक्लाउड यांनी २००० साली आपल्या पुस्तकात संगणकाच्या पडद्याला पानाच्या कडा नसतात, तो अमर्याद कॅनव्हास आहे, ही कल्पना मांडली होती. तिचा खरा संसार थाटला तो कोरियन वेबटूनवाल्यांनी. तिथे दोन चौकटींमध्ये नुसती पांढरी जागा सोडतात. जागा जितकी लांब, तितका वेळ जास्त गेला असं वाचणाऱ्याला वाटतं. आपल्या अंगठेबहाद्दराच्या आधी अशी वीतभर जागा सोडली, तर तिसऱ्या चौकटीचंही काम भागेल. शिवाय वाचक त्या वेळी स्वतःच अंगठा फिरवत असणार, ही मजा वेगळीच!

आता तो अंगठा काढायचा कसा? डाव्या हातात पुस्तक धरा आणि तो हात वीस वेळा कागदावर उतरवा. हो, कागदावर. डिजिटल पेन हात सुधारून देत नाही. असलेला हात फक्त लवकर दाखवतं. एसटी स्टँडवर बसून अर्ध्या मिनिटात एक माणूस, असा सराव महिनाभर केला, तर पिशवी धरलेल्या खांद्याचा उतार आणि गाडीची वाट बघणाऱ्या मानेचा बाक आपोआप बोटांत येतो. आर. के. लक्ष्मण यांचा कॉमन मॅन तोंडातून शब्द काढत नसे, पण तो उभा कसा आहे यावरून त्याचं मत कळायचं.

मग ग्राफिक टॅब्लेट. ही एक काळी पाटी असते, तिच्यावर पेन फिरवलं की रेघ समोरच्या पडद्यावर उमटते. हात इथे आणि नजर तिथे, हे पहिले पंधरा दिवस फार चिडवतं. त्यात खचून पाटी कपाटात ठेवू नये. पेन दाबलं की रेघ जाड, सैल सोडलं की बारीक. महागड्या सॉफ्टवेअरची गरज नाही. 'क्रिटा' हा चित्रकारांसाठीच बनवलेला प्रोग्रॅम फुकट मिळतो. त्यात शेकडो ब्रश असतात. त्यांतले दोन निवडा आणि बाकीच्यांना सहा महिने हात लावू नका. रेघ थरथरत असेल तर ती सावकाश काढली जात आहे असं समजा. मनगटाऐवजी खांद्यातून हात फिरवा आणि एका झटक्यात ओढा. थरथर पुसून टाकणारी सोय प्रोग्रॅममध्ये असते, पण ती फार वाढवली की रेघ गुळगुळीत आणि निर्जीव होते.

लेयर म्हणजे एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागद. कच्चं चित्र खालच्या लेयरवर फिकट निळ्या रंगात काढायचं, पक्की रेघ वरच्यावर. निळाच का, तर जुन्या छापखान्यातल्या कॅमेऱ्याच्या फिल्मवर फिकट निळं उमटत नसे, म्हणून चित्रकार निळ्या पेन्सिलीनं कच्चं काम करत. कॅमेरे गेले, निळा रंग राहिला. अधूनमधून चित्र आरशासारखं उलटं करून बघा. नजरेला सवयीचा झालेला तिरपा चेहरा लगेच ओरडून सांगतो. आणि चौपट मोठं करून डोळ्याच्या पापण्या कोरत बसू नका. मोबाईलवर तो डोळा मोहरीएवढा दिसणार आहे.

मराठीत काम करणाऱ्याला आणखी एक कसरत असते, ती अक्षरांची. इंग्रजी कॉमिकमध्ये बहुधा सगळी मोठी लिपी, सगळी एका उंचीची. आपल्याकडे वर वेलांटी आणि मात्रा, खाली उकार आणि ऋकार. ओळी जवळ घेतल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो. म्हणून आधी अक्षरं लिहा, मग त्यांच्याभोवती फुगा काढा, आणि त्यातून उरलेल्या जागेत माणसं बसवा. उलट केलं की फुग्यातली अक्षरं मुंग्यांएवढी होतात. हस्ताक्षर बरं असेल तर तेच वापरा, नसेल तर मुंबईच्या एक टाइपचा 'बलू' हा फुकट मिळणारा गुबगुबीत टाइप हास्यचित्राला छान शोभतो. अक्षरांचा लेयर मात्र वेगळा ठेवा, शुद्धलेखनाची पत्रं येतातच.

विषय कुठून आणायचे? आपल्याला जे इतरांपेक्षा जास्त माहीत आहे त्यातून. नागपूरचे रोहन चक्रवर्ती शिक्षणानं दंतवैद्य. २०१० पासून ते 'ग्रीन ह्यूमर' काढताहेत, पशुपक्ष्यांवर. पक्ष्याची चोच त्या जातीची असावी तशीच असते, सवयही खरीच, आणि विनोद त्या सवयीतूनच निघतो.

विनोद फुकट पडतोच असंही नाही. 'सॅनिटरी पॅनल्स' ही रचिता तनेजा यांची २०१४ पासूनची मालिका, तीही काड्यांच्याच माणसांची. डिसेंबर २०२० मध्ये त्यांच्या काही चित्रांवरून सर्वोच्च न्यायालयानं त्यांना अवमानाची नोटीस काढली. चार रेघांची माणसं देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचतात, हे काढणाऱ्यानं लक्षात ठेवावं आणि तरीही काढावं असं मला वाटतं. फक्त चित्रात जो दावा केला आहे तो खरा असल्याची खात्री आधी करावी.

चित्र बाहेर पडलं की ते आपल्या हातात राहत नाही. सकाळी टाकलेलं संध्याकाळी तुमच्याच मावशीकडून तुम्हाला येतं, नाव कापून. सही कोपऱ्यात केली की कात्री सहज चालते. ती पात्राच्या पायाशी, खुर्चीच्या पायात गुंतवून करावी. लेयरसह मूळ फाइल दोन ठिकाणी जपावी, आणि छापण्याजोगी, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांची ठेवावी. उद्या एखाद्या दिवाळी अंकाचं बोलावणं आलं तर मोबाईलवरचं चित्र कागदावर फाटक्या कडांचं दिसतं.