अर्भकांचे अस्थिभंग आणि न्यायनिर्णयाची भाषा

अद्याप चालू न लागलेल्या अर्भकाच्या क्ष-किरण चित्रात मोडलेले हाड दिसते आणि ते कसे मोडले याचा समाधानकारक वृत्तांत मिळत नाही, तेव्हा वैद्यकीय नोंदीत ‘अनएक्स्प्लेन्ड फ्रॅक्चर’ असा शब्दप्रयोग येतो. हीच नोंद न्यायालयापुढे गेली, म्हणजे तिच्या अर्थावर एका कुटुंबाचे भवितव्य अवलंबून राहते.

या इंग्रजी विशेषणात कर्ता अध्याहृत आहे. उलगडा कोणास झाला नाही, की खुलासा कोणी केला नाही, हे त्यावरून कळत नाही. मराठीत हे दोन अर्थ निराळे पडतात. ‘उलगडा न झालेला’ अस्थिभंग तपासणाऱ्याच्या ज्ञानाची मर्यादा सांगतो. ‘खुलासा न केलेला’ अस्थिभंग आईबापांच्या वर्तनाविषयी विधान करतो. पहिल्या अर्थाने लिहिलेला शब्द दुसऱ्या अर्थाने वाचला गेला, तर अज्ञानाचेच आरोपात रूपांतर होते.

या संशयामागे वैद्यकशास्त्राचा आधार आहे, हे विसरून चालणार नाही. 1946 मध्ये अमेरिकन क्ष-किरणतज्ज्ञ जॉन कॅफी यांनी मेंदूच्या आवरणाखाली रक्तस्राव आणि लांब हाडांचे भंग एकत्र आढळलेल्या सहा अर्भकांची नोंद प्रसिद्ध केली. 1962 मध्ये हेन्री केम्प व त्यांच्या सहकाऱ्यांनी मारहाण झालेल्या बालकाचा लक्षणसमूह वर्णिला. ज्यास बोलता येत नाही अशा बालकाची साक्ष त्याच्या हाडांनी द्यावी, ही मोठीच प्राप्ती होती. बरगड्यांचे मागील बाजूचे भंग आजही गंभीर संशयास कारण मानले जातात. तथापि अस्थिभंगुरतेचा आनुवंशिक विकार, मुडदूस, किंवा अपुऱ्या दिवसांच्या जन्मामुळे आलेली हाडांची दुर्बलता असल्यास अल्प बळानेही हाड मोडते. म्हणून असे विकार तपासून वगळल्यावाचून निष्कर्ष काढणे सयुक्तिक नव्हे.

न्यायालयात प्रश्न पुराव्याच्या भाराचा होतो. जी गोष्ट एखाद्याला विशेषत्वाने ज्ञात आहे, ती सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर, असे 1872 च्या पुरावा कायद्याचे कलम 106 सांगत असे. 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते कलम 109 म्हणून आले आहे. 1956 मध्ये, पूर्वी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश असलेले न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी सर्वोच्च न्यायालयात या कलमातील ‘विशेषत्वाने’ या एका क्रियाविशेषणावरच भर दिला. त्याचा अर्थ सैल केला, तर खून आपण केला नाही हेदेखील आरोपीनेच सिद्ध करावे लागेल, असे त्यांनी दाखविले. पुढे 2006 मध्ये महाराष्ट्रातील एका विवाहितेच्या खुनाच्या खटल्यात, चार भिंतींआड घडलेल्या गुन्ह्याविषयी घरातील माणसांनी पटण्याजोगा खुलासा दिला पाहिजे, असे त्याच न्यायालयाने म्हटले. परंतु प्राथमिक भार अभियोगपक्षावरून दूर केला नाही. मौन हा पुराव्याच्या साखळीतील एक दुवा होऊ शकतो, संपूर्ण साखळी नव्हे.

मात्र खुलासा दिला, तरी तो ज्या शब्दांत दिला त्याच शब्दांत न्यायालयापर्यंत पोहोचतो काय? नंदुरबार जिल्ह्यातील धानोऱ्यासारख्या गावाची कल्पना करावी. आईचे बोलणे भिलीत, परिचारिकेचा प्रश्न मराठीत, नोंद इंग्रजीत. ‘मूल पडले’ आणि ‘मूल पाडले’ यांत एका कान्याचे अंतर आहे. पण पहिल्यात कर्तृत्व कोणाकडेच नाही, दुसऱ्यात ते कोणाकडे तरी येते. भाषांतरात असा एक बदल झाला, की पुढील जबाब विसंगत ठरतो; आणि जबाब बदलणे हेच संशयाचे एक लक्षण मानले जाते. विसंगती सांगणाऱ्याची की लिहिणाऱ्याची, हे मूळ शब्द जतन केल्यावाचून ठरविता येत नाही.

याचा अर्थ बालकास धोक्यात ठेवावे असा नव्हे. 2015 च्या बालन्याय अधिनियमाप्रमाणे बालकल्याण समिती बालकाच्या संरक्षणाचा निर्णय करते. त्यासाठी कोणाचा अपराध सिद्ध होण्याची वाट पाहावी लागत नाही. संरक्षणास संशय पुरेसा होऊ शकतो, शिक्षेस नाही. यास्तव वैद्यकीय नोंदीत आईचे शब्द तिच्याच बोलीत उतरवून घ्यावेत, आणि कारण कळले नाही की सांगितले नाही, हे स्पष्ट लिहावे. जे हाड मोडल्याचे सांगते, ते कोणी मोडले हे सांगत नाही. ती उणीव शब्दाच्या संदिग्धतेने भरून काढण्याचा अधिकार कोणत्याही निर्णयास नाही.